शिक्का नसलेली तिकिटं

"भिंगरे, चिमटा नीट धर! कड फाटली की तिकीट मेलं!" मास्तर ओरडला.

"मरू दे," भिंगरी म्हणाली.

लहानपणी घरभर भिरभिरायची म्हणून तिचं नाव भिंगरी पडलं होतं. पण सुट्टीच्या या तिसऱ्या आठवड्यात तिला जागचं हलवत नव्हतं. मावशीकडे आल्यापासून एकच उद्योग! पाकिटाचा कोपरा कापायचा, कोमट पाण्यात टाकायचा, तिकीट सुटलं की जुन्या वर्तमानपत्रावर वाळत घालायचं. मावसभाऊ तेरा वर्षांचा, पण बोलणं निवृत्तीला आलेल्या हेडमास्तरांचं, म्हणून तो मास्तर. त्याचा धाकटा भाऊ ढब्बू कात्री चालवायचा आणि दर दहा मिनिटांनी भूक लागल्याचं जाहीर करायचा.

"यात एवढं आहे तरी काय रे?" भिंगरीने जांभई दिली. "डिंक लावलेला कागद!"

"कागद? शिक्का वाच की! कोणत्या गावाहून निघालं, कोणत्या तारखेला निघालं, सगळं आहे त्यावर. आपण जन्मात जाणार नाही तिथून आलंय आणि तुझ्या बोटावर बसलंय!"

तेवढ्यात मावशी रात्रपाळीहून आली आणि चपला न काढताच खुर्चीत बसली. ती डोळ्यांच्या हॉस्पिटलात नर्स होती. हे रद्दीचं पोतंही तिनेच तिथून विचारून आणलेलं.

"परवा शनिवारी शेवटचं शिबिर," ती म्हणाली. "बाहेरगावचे सर्जन दोनदा आले आणि हात हलवत परत गेले. ऑपरेशनला बोलावलेले पेशंटच येत नाहीत! पत्रं लिहून लिहून बोटं दुखली माझी. आता खाटा रिकाम्या राहिल्या तर सर्जन पुन्हा यायचे नाहीत. मग इथल्या म्हाताऱ्यांनी जायचं कुठे?"

 मावशी आत जाऊन आडवी झाली.

"ए, हे पाकीट केवढं जाड आहे!" ढब्बू कात्रीशी झटत म्हणाला. "पण तिकीट बघा, कोरं करकरीत! याच्यावरही डाग नाही! याच्यावरही!"

मास्तरने नाक मुरडलं. "शिक्काच नाही? ना गाव, ना तारीख. काय चाटायचंय त्याला?"

भिंगरीचा हात पाण्यातच थांबला. "मास्तर, शिक्का बसतो कधी?"

"टपालात पडल्यावर. एवढंही..."

"मग ही पत्रं टपालात पडलीच नाहीत!"

तिघांनी पोतं उपडं केलं. ढब्बूच्या हातातली धरून एकतीस न उघडलेली पाकिटं निघाली. सगळ्यांवर मावशीचं अक्षर! मावशीला उठवायचं जिवावर आलं होतं, पण उठवावंच लागलं. पाकिटं बघून तिची झोप उडाली.

"अगं बाई! आणि आम्ही पेशंटना बेफिकीर म्हणत होतो! पण टपाल बघणारे भाऊसाहेब कबूल करायचे नाहीत. पडलो तरी नाक वर! 'जावक वहीत नोंद आहे, पत्रं परत आली असतील,' असंच म्हणतील."

"म्हणू देत," भिंगरी म्हणाली. "आपण त्यांनाच मास्तर करू, शिक्क्याचा धडा तेच देतील."

भाऊसाहेब हॉस्पिटलचे कारकून. त्यांच्या टेबलाखाली दोन सारखी पोती होती, एक टपालाचं आणि एक रद्दीचं. भिंगरीने मोठ्या डॉक्टरबाईंना दारातच गाठलं आणि सोबत आत आणलं. मग कोपऱ्यासकट कापलेलं एक कोरं तिकीट तिने भाऊसाहेबांपुढे ठेवलं.

"काका, आमच्यात पैज लागलीये. हे तिकीट लावलेलं पत्र पोचून परत आलं असेल ना?"

"काहीतरीच!" भाऊसाहेब खेकसले. "शिक्का कुठाय? टपालात गेलं असतं तर शिक्का बसला नसता का? लावलं असेल कोण्या वेंधळ्याने आणि दिलं असेल रद्दीत टाकून!"

"हो ना!" भिंगरीने उरलेलं पाकीट पुढे केलं. "अशी एकतीस आहेत. तुमच्या टेबलाखालच्या पोत्यातली!"

भाऊसाहेबांचा चेहरा खर्रकन उतरला. आधी वहीत नोंद करायची, पत्रं पोत्यात टाकायची आणि चहाला जायचं, ही त्यांची पद्धत. झाडणारा येई आणि हाताला लागेल ते पोतं रद्दीत नेई.

"दोन शिबिरं, भाऊसाहेब," डॉक्टरबाई एवढंच म्हणाल्या. त्यांनाही ओरडण्याचं त्राण उरलं नव्हतं. लगेच त्यांनी पत्रांवर शनिवारची तारीख घालायला लावली आणि ती घरोघर पोचवायला हॉस्पिटलची गाडी काढायला लावली.

भाऊसाहेब घाम पुसत पत्ते शोधत होते आणि मुलं जिने चढत होती. उतरत होती. पुन्हा चढत होती. भिंगरीच्या पायांचे तुकडे पडायला आले. एकतिसावं घर एका म्हाताऱ्या शिंपीआजोबांचं होतं. मशीनवर धूळ साचलेली.

"वाचून दाखव बाळ," ते म्हणाले. "मला वाटलं, म्हातारं झालं, राहिलं असेल यादीतून. रोज पोस्टमनची चाहूल घेत बसायचो. विचारायचीही लाज वाटायला लागली."

भिंगरीला रागच आला. कोणाचा, ते तिला कळेना. तिने पत्र दोनदा वाचून दाखवलं.

शनिवारी सत्तावीस जण आले. सर्जनांनी पुढच्या महिन्याची तारीख देऊन टाकली. डॉक्टरबाईंनी तिघांची पाठ थोपटली. "माझ्या कचेरीला दिसलं नाही, ते या मुलांना दिसलं! मास्तर, तुझा छंद कामाचा आहे!" मास्तर इतका फुगला की ढब्बूने त्याला बोट टोचून पाहिलं.  मावशीने भिंगरीला जवळ ओढलं आणि तिथेच, बाकावर, तिच्या खांद्यावर डोकं टेकून झोपली.

रविवारी शिंपीआजोबांची पट्टी निघाली. भिंगरी समोर उभी होती. आजोबांनी डोळे किलकिले केले, तिला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं आणि मनापासून हसले.

"एवढीशीच आहेस होय गं! आवाजावरून मला चांगली मोठी बाई वाटली होतीस!"