लपणातून कोण गेलं?

हे घडलंय. माझ्यासमोर. रात्री नाही, चांगलं उजाडल्यावर, दलदलीच्या काठावर.

आधी काकांबद्दल सांगतो.

नाही. आधी लपणाबद्दल.

पक्ष्यांचे फोटो काढायला पाण्याजवळ गवताची झोपडी करतात, ते लपण. त्यात दोघांनी शिरायचं. मग एकाने उठून, पक्ष्यांच्या देखत निघून जायचं. पक्ष्यांना वाटतं, गेला माणूस. ते निर्धास्त उतरतात. आत उरलेला फोटो काढतो.

"बदकांचं गणित तुझ्याइतकंच पक्कं," काका मला म्हणायचे.

आत उरायचे ते. निघून जायचो मी.

गेल्या हिवाळ्यात ते एकटेच गेले. ट्रायपॉड सापडला. कॅमेरा सापडला.

काका नाहीत.

घरच्यांनी शोध सोडला. काकूने नाही. रात्री दार नुसतं लोटून ठेवायची.

"एकदा तिथे ने मला," ती म्हणाली. "तू आत बघून ये. नसले, तर वाट बघणं सोडते. तुझी शपथ."

म्हणून नेलं. तिला बांधावर गाडीत बसवलं आणि लपणात शिरलो.

एकटा.

आत काकांचं स्टूल. बुरशी चढलेलं. बाकी काही नाही. काकूला काय सांगायचं ते ठरलं. मी सुटकेचा निःश्वास टाकला. तेवढ्यात...

छप्.

समोर बदक उतरलं. मग दुसरं. मग अख्खा थवा. मला आत शिरताना बघूनही! निवांत. चोची पिसांत खुपसून.

म्हणजे त्यांनी कोणाला तरी जाताना पाहिलं होतं...

मी मागच्या फटीतून बघितलं. चिखलात माझ्या बुटांचे ठसे, आत येणारे.

शेजारी दुसरे. अनवाणी. बाहेर जाणारे. त्यांत पाणी अजून झिरपत होतं.

गाडीच्या दिशेने...

मी पळालो.

काकू पुढच्या सीटवर होती. धडधाकट. हसत होती. कित्येक महिन्यांनी.

"काकू, आत कोणी नाहीये."

"कसं असेल? हे इकडे आले ना! पार भिजलेत. चल, हीटर लाव आधी."

मी आरशात बघितलं नाही. किल्ली फिरवली.

आणि ते सुरू झालं...

टिंग. टिंग. टिंग.

मागे कोणी पट्टा न लावता बसलं की वाजतं, ते.

"मागे पिशवी ठेवलीयस का?"

"पिशवी कुठली? काहीतरीच तुझं."

रस्ताभर वाजत राहिलं. गाव लागलं, तरी वाजत राहिलं. शेवटी काकू वैतागली. घरात बोलायची, त्याच सुरात.

"अहो, लावा की तो पट्टा. पोराचं डोकं उठलंय."

खट्...

आवाज थांबला.

काकूचे दोन्ही हात तिच्या मांडीवर होते.

घर आलं. ती उतरली. मी इंजिन चालूच ठेवलं... मागचं दार उघडल्याचं ऐकू येऊ नये म्हणून.