पिठावरची रेघ

दीपेशदादा गेला, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी फक्त दिव्यात तेल घालायला आत गेलो होतो. कामतघरच्या आमच्या खोलीत, दादाला जिथं ठेवलं होतं तिथं, आक्का आत्यानं तांदळाचं पीठ पसरून टोपली पालथी घातली होती. गेलेला माणूस कुठल्या जन्माला जातो, त्याचं पाऊल पिठात उमटतं म्हणतात.

आक्कानं टोपली उचलली. पाऊल नव्हतं. एक रेघ होती. डावीकडून सरळ आलेली, मग थरथरत गेलेली आणि एके ठिकाणी उंच उडून खाली कोसळलेली.

"मुंगळा फिरला असंल," आक्का म्हणाली. पण हातातली टोपली काही तिनं खाली ठेवली नाही.

तेवढ्यात मृणालीताई भेटायला आल्या. त्या आणि दादा एकाच विमानावर कामाला. चाळीस हजार फुटांवर हवा किती हादरते, किती गार-गरम होते, ते मोजायचं. दादा तिथली यंत्रं सांभाळायचा. ताप घेऊन घरी आला आणि तीन दिवसांत संपला.

ताईंनी पीठ पाहिलं आणि दाराची चौकट धरली.

"प्रितेश, हादऱ्यांचा आलेख असाच निघतो... कुणी काढला?"

"कुणी न्हाय."

"उद्या आमचं उड्डाण आहे. एवढ्या हादऱ्यात माणूस छतावर आपटेल. थांब, कितव्या मिनिटाला ते मोजू दे..."

माझं डोकं फिरलं. दादाची राख गार झाली नव्हती आणि ह्यांना मोजमाप!

"मेल्यावर पण ड्युटी हाय काय त्याला?" मी ओरडलो आणि पंजानं सगळं पीठ पुसून टाकलं.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात लूमवर कामाला गेलोच नाही. गच्चीवर उभा राहून आकाश बघत होतो. तिथं काहीच नव्हतं. ताईंना काही झालं तर ते माझ्या हातानं, एवढंच डोक्यात.

संध्याकाळी फोन आला.

"उतरलो. सगळे ठीक आहेत." ताई म्हणाल्या. "हादरा आला. पण त्याच्या आधी बाहेरचं तापमान... उणे पन्नास होतं, ते एकदम सदतीसवर गेलं. अकरा सेकंद."

"म्हंजे?"

"माणसाचं अंग असतं तेवढं."

मी फोन कानाला घट्ट दाबला.

"आणि हेडफोनवर कुणीतरी म्हणालं, 'पट्टा बांध गो.' विमानात मराठी मला एकटीलाच येतं, प्रितेश."

"दादा होता?"



"माहीत नाही... धापा टाकत होता. लांबून धावत आल्यासारखा."