मी उत्तर दिलंच नव्हतं

ही घटना खरी आहे.

ज्यांना पटत नसेल त्यांनी इथूनच पुढच्या पोस्टवर जावं. तिकडे पांढऱ्या कपड्यातली बाई, उलटे पाय, सगळं मिळेल. मला भुतं रंगवायची हौस नाही. मी फ्रिज आणि एसी दुरुस्त करतो. गेली बावीस वर्षं लोक मला फोन करून सांगतात की मशीनमधून विचित्र आवाज येतो, आणि दर वेळी आत एक सैल स्क्रू निघतो.

या वेळी स्क्रू सापडला नाही. म्हणून लिहितोय.

मार्चमधला दुसरा शनिवार. किनाऱ्यापासून सहा तास आत, खोल समुद्रात. अमावस्या वगैरे काही नव्हती, चांगला पाऊण चंद्र होता.

बोटीवर आम्ही चार जण. पहिला, माझा शाळेपासूनचा मित्र. दातांचा डॉक्टर आहे, आम्ही त्याला दातवाला म्हणतो. ट्यूना पकडायची टूम त्याचीच. बाजारातला सगळ्यात महागडा रॉड, हातमोजे, मासे दिसतात म्हणे असला गॉगल... आणि गळ बांधता येत नाही. संध्याकाळी त्याच्या रॉडला खरंच ट्यूना लागला, चांगला वीस-बावीस किलोचा. दहा मिनिटांत साहेबांची कंबर धरली. मासा ओढला बोटवाल्याने, फोटो काढून घेतला दातवाल्याने.

दुसरा तो बोटवाला. साठीचा माणूस, मोजून मापून बोलणारा. त्या बोटीवर कामाचा माणूस तो एकटाच.

तिसरा माझा मेव्हणा. धाकट्या बहिणीचा नवरा.

आता याच्याबद्दल काय सांगू? औषधांच्या कारखान्यात बाटल्यांवरची लेबलं सरळ चिकटलीत की नाही ते बघणं, ही याची नोकरी. घरीही तसाच. बिस्किटाच्या पुड्यावरचं वाचल्याशिवाय बिस्किट खाणार नाही. बोट अजून धक्क्याला बांधलेली, तर हा लाइफ जॅकेटचे चारही पट्टे आवळून बसलेला. माझी बहीण याच्यात काय बघून भुलली, ते मला सहा वर्षांत कळलं नाही.

तिला तेव्हा सातवा महिना होता. निघताना मला बाजूला घेऊन म्हणाली, "दादा, त्याला पोहता येत नाही. तुझ्यासोबत आहे म्हणून सोडतेय."

"अगं, तळहातावरच्या फोडासारखा जपतो तुझ्या नवऱ्याला," मी म्हटलं. आणि दातवाल्याकडे बघून डोळा मारला.

बोटवाल्याने निघतानाच एक नियम सांगितला होता. रात्री लघवीला उठलात तर मागच्या कठड्याशी जायचं. पण मुकाट्याने जायचं नाही. ओरडून सांगायचं, "मागे जातोय." जो पहाऱ्यावर असेल त्याने म्हणायचं, "बघतोय." आणि जाणारा परत येऊन "आलो" म्हणेपर्यंत त्याच्यावरची नजर काढायची नाही.

"उत्तर आलं नाही तर?" मेव्हण्याने विचारलं. विचारणारच.

"तर जायचं नाही," बोटवाला म्हणाला. "समुद्रात माणसं वादळात कमी जातात. पँटची चेन उघडी ठेवून जास्त जातात."

दातवाला खो खो हसला. मेव्हण्याने मात्र मान डोलावली. आता हा नियमही याने पाठ केला असणार.

रात्री इंजिन बंद केलं. बोट नुसती हलत होती. कठडा जेमतेम गुडघ्याच्या वर वीतभर. बारा वाजेपर्यंत पहारा बोटवाल्याचा, मग दोनपर्यंत दातवाल्याचा, मग माझा. मेव्हण्याला कोणी पहारा दिलाच नाही. त्याने मागितलाही होता.

झोपण्याआधी दातवाला म्हणाला, "जावईबापू, जॅकेट घालूनच झोपणार?"

"पाकिटावर लिहिलंय, बोटीवर असेपर्यंत..."

"काढा हो ते!" मी म्हटलं. "ट्यूना हसतील तुम्हाला. बायकोने काय पार्सल बांधून दिलंय आम्हाला?"

तो हसला. ते त्याचं केविलवाणं हसू, मला त्याचीच चीड यायची. मग एकेक पट्टा सोडून त्याने जॅकेट काढलं, घडी घातली आणि उशाशी ठेवलं.

माझ्या सांगण्यावरून काढलं. हे लक्षात ठेवा.

दोन वाजता दातवाल्याने मला हलवलं आणि आत जाऊन पडला. दोन मिनिटांत घोरायला लागला. मी केबिनच्या दाराशी बाकावर बसलो. समोर मागचा डेक, एक मिणमिणता दिवा, बर्फाची पेटी. पलीकडे पाणी.

थोड्याच वेळात मेव्हणा उठला. उलटी होऊ नये म्हणून भरपूर पाणी प्या असं कुठल्यातरी गोळीच्या पाकिटावर लिहिलेलं. हा प्यायला होता दोन बाटल्या.

"दादा, मागे जातोय."

"बघतोय," मी म्हटलं.

आणि तेव्हा पहिल्यांदा जाणवलं...

माझ्या आवाजाच्या किंचित मागून अजून एक आवाज आला. तोच शब्द. हळू.

मी म्हटलं, प्रतिध्वनी असेल.

मेव्हणा आला, "आलो" म्हणाला, झोपला. मग माझ्या डोक्यात आलं की उघड्या समुद्रात प्रतिध्वनी कसला? आवाजाला आपटायला भिंत लागते. इथे चारी बाजूंना पाणी.

मी कान देऊन बसलो.

काही नाही. बोटीच्या तळाला पाणी चाटत होतं, तेवढाच आवाज.

मग तोही थांबला.

बोट हलत होती. पण पाण्याचा आवाज नाही. टीव्हीचा आवाज बंद केल्यासारखं. दहाएक सेकंद असेल. मग सगळं पुन्हा सुरू.

मी स्वतःलाच शिवी हासडली. म्हटलं, मेव्हण्याच्या संगतीने तूही भित्रा झालास. आणि पहाऱ्यावर असताना बाकावर आडवा झालो. अंगावर चादर घेतली. डोळे मिटले.

अडीच वाजले असतील. आत खुडबुड झाली.

"दादा, मागे जातोय."

पुन्हा! मला असा संताप आला... वाटलं, किती वेळा या बाळाची दाई व्हायचं? मी गप्प राहिलो. म्हटलं, ओरडू दे. उत्तर नाही आलं तर जाणार नाही, नियमाचा पक्का आहे. बसू दे पोट धरून सकाळपर्यंत. जरा मजा.

"दादा? मागे जातोय हं."

मी झोपेचं सोंग घेतलं. श्वास सुद्धा मुद्दाम लांब लांब सोडले. हसू दाबत होतो, खोटं कशाला सांगू.

आणि...

"बघतोय."

माझ्या डोक्यामागून. अगदी जवळून.

साधा आवाज होता. बसका, जरा थकलेला. मी म्हटलं, बोटवाला उठलेला दिसतोय. गेली माझी मजा. डोळे उघडायचेही कष्ट घेतले नाहीत.

मेव्हण्याच्या चपला माझ्या पायाशेजारून फट फट करत मागे गेल्या.

बोट एकदम कलली. बर्फाची पेटी सरकली.

फट... असा एकच आवाज.

मग काहीच नाही.

मी "आलो"ची वाट बघत पडून राहिलो. बोटवाला बघतोय ना, मला काय? असं म्हणत किती वेळ पडलो होतो ते मला नक्की सांगता येत नाही. एक मिनिट? दोन? या प्रश्नाचं उत्तर मला नकोच आहे.

मग आतून घोरण्याचा आवाज आला.

एक दातवाल्याचा. तो शिट्टीसारखा.

आणि दुसरा जाडाभरडा. बोटवाल्याचा...

मी ताडकन उठलो. मागे वळून बघितलं. माझ्या डोक्यामागे केबिनची बंद काच. तिला पाठ लावून एक माणूस उभा राहील एवढी जागा. तिथे कोणी नव्हतं. खाली लाकूड मात्र ओलं होतं.

डेककडे बघितलं. दिव्याखाली मेव्हण्याची एक चप्पल.

एकच.

पाय खिळले होते. मला वाटलं, संपलं. बहिणीला काय तोंड दाखवू? सातवा महिना चालू आहे आणि मी चादर घेऊन पडलो होतो.

तेवढ्यात पेटीच्या मागून खोकल्याचा आवाज आला.

मेव्हणा डेकवर पालथा पडला होता. डोक्यापासून पायापर्यंत निथळत. तोंडातून खारं पाणी ओकत होता. उजवा हात पुढे ताणलेला, वर उचललेला.

मी त्याच्यापासून दहा पावलांवर होतो.

तो म्हणाला, "दादा... सोडा आता. आलो मी. हात दुखतोय."

मी जागचा हललो नव्हतो.

मग त्याचा हात धप्पकन खाली पडला. कोणीतरी सोडल्यावर पडतो तसा.

मी ओरडलो तेव्हा कुठे ते दोघे उठले. मेव्हणा रडत सांगत होता. तोल गेला, पाणी डोक्यावरून गेलं, आणि दादांनी मनगट धरून एका हिसक्यात वर खेचलं. "केवढी ताकद हो दादा तुमच्यात!"

माझी कंबर एवढी नाजूक की छोटा कॉम्प्रेसर उचलायला मी दुसरा माणूस बोलावतो.

बोटवाल्याने माझ्याकडे बघितलं. मग माझ्या शर्टाच्या बाहीला हात लावला. बाही कोरडी ठणठणीत.

त्याने बाही सोडली. सरळ जाऊन इंजिन सुरू केलं. दातवाला कुरकुरला, पहाटेची खरी वेळ तर पुढेच आहे, अजून एक तरी मासा... बोटवाल्याने त्याच्याकडे असं बघितलं की त्याची बोलतीच बंद झाली. सहा तास म्हातारा सुकाणूवरून उठला नाही. धक्क्यावर उतरताना मात्र माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "तू परत माझ्या बोटीवर येऊ नकोस."

मला? मी पैसे देणारं गिऱ्हाईक!

पण मी गप्प बसलो. मेव्हण्याने सगळ्यांना सांगितलं, दादांनी जीव वाचवला. मी नाही म्हटलं नाही. बहीण गळ्यात पडून रडली, तेव्हाही नाही. बाळ झालं, तेव्हा दवाखान्यात सगळ्यात आधी माझ्या हातात दिलं. तेही मी घेतलं. दुसऱ्यांना नालायक म्हणायची मला सवय होती. आरशात बघायची नव्हती.

परवा बहिणीकडे गेलो होतो. मेव्हणा कामावर. बाळ माझ्या मांडीवर झोपलेलं. ती लंगोटांच्या घड्या घालता घालता म्हणाली, "पुन्हा जायचं म्हणतोय रे मासे धरायला. दुसरी बोट ठरवलीय. जॅकेटसुद्धा नको म्हणतो. दादा असताना कशाला, म्हणतो."

आता गप्प राहिलो तर तो खरंच मरेल.

मी सगळं सांगितलं. चादर, सोंग, दाबलेलं हसू, सगळं.

तिने हातातला लंगोट खाली ठेवला. शेवटी एवढंच विचारलं, "त्याने दुसऱ्यांदा हाक मारली, तेव्हा तू जागा होतास?"

"हो."

ती उठली. माझ्या मांडीवरून बाळाला उचललं आणि खांद्याला लावलं.

"मग उत्तर कोणी दिलं?"

"खरंच माहीत नाही गं."

ती बाळाची पाठ थोपटू लागली.

"कोणी का असेना," ती म्हणाली. "त्याच्या भरवशावर मी नवऱ्याला एक वेळ पुन्हा पाठवीन. तुझ्या नाही."

तेवढ्यात दार उघडून मेव्हणा आत आला. मला बघून चेहरा फुलला त्याचा. "अरे वा, दादा! आता जेवूनच जायचं!"

"दादाला काम आहे," बहीण माझ्याकडे न बघता म्हणाली. "निघालाय तो."

मी चपला घातल्या आणि जिना उतरलो.

तो कोण होता ते मला माहीत नाही. तुम्ही खाली कमेंटमध्ये अक्कल पाजळाल, खुशाल पाजळा. मला झोप लागत नाही ती वेगळ्याच गोष्टीने. तो माझ्या डोक्याशी उभा होता. मी डोळे मिटून सोंग घेतलं होतं, आणि मेव्हण्याला ते कळलं नाही.

डोक्याशी उभा होता त्याला कळलं होतं.