एलादिओचा नंबर

जुनं मशीन वर्कशॉपमध्ये आलं की मी आधी त्याचा वास घेते. माझा भाऊ रोखेलिओ यावरून मला हसतो. हसू दे. ओल्या प्लायवूडचा वास आला तर पेटी आतून फुगलेली असते, उंदरांचा आला तर वायरी गेलेल्या असतात, आणि जळक्या धुळीचा आला तर समजायचं, हे मशीन शेवटपर्यंत चालू होतं आणि अजूनही चालेल. व्हिडिओ गेमचं कुठलं मशीन पुन्हा उभं करायचं आणि कुठलं मोडून त्याचे भाग दुसऱ्यांना लावायचे, हे निम्म्याहून अधिक वेळा मला नाकानेच कळतं. लोस मोल्येसहून आणलेल्या या मशीनला कसलाच वास नव्हता.

लोस मोल्येसची रेल्वे बंद झाल्यापासून त्या गावात धान्याची कोठारं आणि क्लबाची इमारत एवढंच उरलंय. क्लबही बंद आहे, पण कँटीनच्या मागच्या दोन खोल्यांत दोन्या एर्मिनिया राहते; ‘दोन्या’ आम्ही मानाने म्हणतो. ऐंशी पार केलेली बाई, पण पाठ ताठ, आणि चाळीस माणसांच्या गोंगाटातून ऑर्डर ओरडायचा आवाज अजून शाबूत. मशीन कँटीनच्या कोपऱ्यात भिंतीला टेकून होतं. आम्ही पोचलो तेव्हा तिने ते स्वतःच्या हाताने पुसून ठेवलं होतं.

पेटी काळी होती, पण तो तिचा मूळ रंग नव्हे. मूळचा खेळ खाणीतला. पिवळ्या टोपीचा खाणकामगार बोगदे खणत जातो आणि मागून उंदीर लागतात. पुढे फुटबॉलच्या खेळाची चलती आली, तेव्हा गावोगाव मशीनं लावणाऱ्या माणसाने बाजूच्या चित्रांवर काळा ऑइलपेंट मारला, बटणांसाठी दोन भोकं जास्तीची पाडली आणि आतला सर्किट बोर्ड बदलला. सगळे हेच करत. बाहेरून नवीन मशीन मिळायची मारामार, त्यामुळे एकाच पेटीला दोन-तीन जन्म घ्यावे लागत. आणि त्याच कारणाने कुणी काही फेकतही नसे. जुना बोर्ड सुतळीने बांधून पेटीच्या तळाशी ठेवलेला होता. तो पाहून मला मनापासून आनंद झाला. म्हणजे खाणीचा खेळ परत आणता येणार होता.

“फुटबॉल काढून टाक, मुली,” दोन्या एर्मिनिया म्हणाली. “एलादिओला फुटबॉल येत नाही. पाय लाकडाचे, आणि बटणांवर हातही लाकडाचे.”

एलादिओ म्हणजे तिचा नवरा. कँटीन दोघांनी मिळून चालवलं. दुपारी गाव झोपलेलं असताना तो खेळायला उभा राहायचा. अशाच एका दुपारी त्याने आपलं पितळी टोकन पडद्यापुढच्या काचेच्या कडेवर ठेवलं, “माझा नंबर कुणाला देऊ नकोस, आलोच,” म्हणाला आणि बाहेर गेला. त्यानंतर तो कुणालाच दिसला नाही. कुणी म्हणालं, बाईया ब्लांका शहरात दुसरी बाई आहे. कुणी म्हणालं, ओढ्यात बघा. ओढ्यातही पाहिलं.

काचेच्या कडेवर टोकन ठेवलं की नंबर लागला, हा आमच्याकडचा रिवाज. माणूस घरी जाऊन जेवून आला तरी त्याच्या टोकनाला हात लावायचा नाही. दारू पिऊन खुर्च्या फेकणारी माणसंही हा नियम पाळत. दोन्या एर्मिनियाने कित्येक वर्षं त्या टोकनाच्या भोवतीने फडकं फिरवलं. मग फुटबॉल बसवताना ते फटीतून आत घरंगळलं, आणि तिने मशीन कुणाला विकलं नाही की मोडू दिलं नाही.

“नंबर आतच आहे,” ती म्हणाली. “सापडला की उजव्या कडेला ठेव, होता तसा. आणि खेळ त्याचा त्याला करून दे. आला आणि दुसराच खेळ दिसला तर परत जायचा. डोक्याने तिरपागडाच आहे.”

“पण दोन्या, आता इतक्या वर्षांनी...” रोखेलिओ बोलायला लागला.

“तू मेकॅनिक आहेस की पाद्री?” तिने विचारलं. रोखेलिओने मशीनची एक बाजू उचलली.

परत येताना गाडीत तो माते पीत होता, आमच्याकडचा कडू चहा. नळी तोंडातून काढून म्हणाला, “पडद्याची ट्यूब बघितलीस? अस्सल आहे. अशी ट्यूब आता कुणी बनवत नाही.”

मला कळलं तो कुठे चाललाय ते. मार देल प्लाताच्या एका व्हिडिओ गेमच्या हॉलला आम्ही उन्हाळ्याआधी एक मशीन द्यायचं कबूल केलं होतं. त्याची ट्यूब मेली होती. हॉलवाला आमचं शेवटचं मोठं गिऱ्हाईक, आणि तो थांबणाऱ्यातला नव्हता.

“म्हातारीला बाहेरची पिवळी टोपी दिसली की झालं,” रोखेलिओ म्हणाला. “आत सपाट टीव्ही बसवू. तिला काय कळणार आहे? ही ट्यूब तिकडे लावली तर एक मशीन तरी जगेल.”

“आणि हे?”

“हे मेलंय, काडीपैलवान. तुला प्रत्येक मढ्याला अंघोळ घालायची हौस.”

त्याचं चुकत नव्हतं, हेच मला जास्त लागलं. एका मशीनचे अवयव काढून दुसरं जगवायचं, यावरच आम्ही दोघं आजवर जगलो. पण त्या बाईला टीव्ही बसवून फसवायचं माझ्या जिवावर आलं. शेवटी ठरलं की आधी जुना बोर्ड लावून बघायचा. खेळ उभा राहिला तर मशीन तिचं. नाही राहिला तर ट्यूब मार देल प्लाताला.

मी काळा रंग खरवडायला घेतला. रोज थोडा. खालून पिवळी टोपी निघाली, मग कंदील, मग खाणकामगाराचा खांदा. त्या काळात मशीन खिडकीसमोर बंद उभं असायचं. पहिल्या दुपारीच मला पडद्यावरचे डाग दिसले.

डाग असतातच. वर्षानुवर्षं एकच चित्र दाखवलं की काचेआतला लेप तिथे जळतो, आणि मशीन बंद असतानाही ते चित्र फिकट दिसत राहतं. खाणीचे बोगदे दिसतील हे मला ठाऊक होतं, आणि ते दिसले. त्यांच्या खाली मात्र एक आडवा काउंटर दिसत होता. त्यावर बाटल्या. काउंटरच्या अलीकडे एक माणूस, कमरेपासून वर, हात पुढे केलेला. चेहऱ्याच्या जागी नुसता करडा डाग.

प्रतिबिंब असेल म्हणून मी खिडकीवर घोंगडी टांगली. मशीन भिंतीकडून दाराकडे फिरवलं. काच पुसली. माणूस जागच्या जागी.

“दोन खेळ एकावर एक जळलेत,” रोखेलिओ म्हणाला. “फुटबॉलचे खेळाडू आणि तुझी खाण. मनी वसे ते स्वप्नी दिसे.”

“तुला दिसतोय का नाही, तेवढं सांग.”

त्याने डोळे बारीक केले. “खांद्यासारखं काहीतरी आहे,” म्हणाला आणि कामाला लागला.

मी तशी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी नव्हे. लाकडावर खुणा करायची मेणाची पेन्सिल घेतली आणि पुढच्या काचेवर त्या माणसाची बाह्यरेषा आखली, डोक्यापासून कमरेपर्यंत. जळलेला डाग हलत नाही. तो हललेला नाही हे दिसलं की माझं मला समाधान, इतकंच.

आठवड्याने बाजूची चित्रं पूर्ण झाली. मी समोर येऊन पाहिलं तर डोकं रेषेच्या बाहेर होतं. खांदेही. माणूस मोठा झाला होता, म्हणजे जवळ आला होता. मी जुनी रेष पुसली नाही, दुसरी आखली. मग दुसऱ्या रेषेच्याही तो बाहेर आला. आता काउंटर त्याच्यामागे जेमतेम दिसत होता. मला भीती वाटली, सरळच सांगते. पण ती कुणाला सांगावी अशी नव्हती. रोखेलिओला सांगितलं असतं तर त्याने त्याच दिवशी ट्यूब काढली असती, आणि ती मार देल प्लाताच्या हॉलमध्ये कुणा परक्यांसमोर जाऊन बसली असती. ते मला आणखीच वाईट वाटलं.

बोर्ड लावायचा दिवस आला. दुपारची वेळ, बाहेर ऊन रणरणत होतं, बंदराकडे जाणारे ट्रकसुद्धा थांबले होते. पुढची काच उतरवली तेव्हा चौकटीच्या खाचेत धुळीचं ढेकूळ सापडलं. रोखेलिओने ते बोटांनी फोडलं. आत टोकन.

“उजव्या कडेला ठेव,” मी म्हणाले आणि मागे जाऊन बोर्डाची वायर जोडली. मशीन चालू केलं. ट्यूब सूं करून तापली. “आलं का काही?”

“आलं! पिवळी टोपी आली! काडीपैलवान, जिंकलीस!” तो ओरडला. आणि मग मला आवाज ऐकू आला. पितळेचा, घसरत जाणारा, शेवटी टणकन.

“काय केलंस?”

रोखेलिओ स्वतःच्या हाताकडे बघत होता. हा आमच्या धंद्याचा रोग. मशीन चालू, टोकन हातात, की बोटं आपोआप ते टोकनाच्या भोकात सोडतात आणि कान ऐकतात, नीट पडतंय की अडकतंय. दिवसातून शंभर वेळा आम्ही हेच करतो. त्याने विचारच केला नव्हता.

“नीट पडलं,” तो कसनुसा होत म्हणाला.

खेळ सुरू झाला. खाणकामगार वर मध्यभागी उभा राहिला. मग चालायला लागला.

“जॉयस्टिकचा दांडा सोड,” मी म्हणाले.

“मी धरलेलाच नाही.”

त्याचे दोन्ही हात खिशात होते. दांडा हळूच डावीकडे कलला. खाणकामगार डावीकडे वळला. उंदीर मागे लागले, त्याने त्यांना दगडाखाली घेतलं. घाई नाही, चूक नाही. पुष्कळ वेळ थांबलेल्या माणसाने शांतपणे खेळावं तसा खेळ.

मी काचेवरच्या माझ्या रेषा शोधल्या. उतरवलेली काच तर बाकावर होती. ती उचलून धरली आणि तिच्यातून पडद्याकडे पाहिलं. बोगद्यांच्या मागे काउंटर होता, बाटल्या होत्या. माणूस नव्हता.

फोन वाजला.

“मुली,” दोन्या एर्मिनियाचा आवाज. कुजबुजत होती, आणि त्या कुजबुजण्यात मुलीसारखा आनंद होता. “मुली, एलादिओ आलाय.”

“कुठे?” मी विचारलं.

“कँटीनच्या कोपऱ्यात उभा आहे. मशीन होतं तिथे. भिंतीकडे तोंड करून. हात असे पुढे धरलेत, खेळताना धरतात तसे. वाळलाय थोडा. इतक्या वर्षांनी माणूस वाळणारच.”

“तुम्ही बोललात त्यांच्याशी?”

“हाक मारली. वळेल तर शपथ! खेळताना तो कधीच वळायचा नाही. घराला आग लागली असती तरी डाव संपवूनच उठला असता.” ती जरा थांबली. “आता उजवा हात हलवला बघ. बटण दाबल्यासारखा.”

पडद्यावर खाणकामगाराने कुदळ मारली.

“किती जीव उरलेत त्याचे?” तिने विचारलं.

मी पडद्याच्या खाली पाहिलं. “एकही गेलेला नाही, दोन्या.”

“मग हा रात्रीपर्यंत वळत नाही.” ती हसली. मग हसू थांबलं. “बंद कर, मुली. मशीन बंद कर. मला त्याचं तोंड बघायचंय.”

रोखेलिओने फोनवरचं सगळं ऐकलं होतं. तो, ज्याला पहिल्या दिवसापासून हे मशीन मोडायचं होतं, तो माझा दंड धरून मान हलवत होता. नको. नको.

“दोन्या,” मी म्हणाले, “थोडं थांबू या का?”

“मी थांबलेलीच आहे ना,” ती म्हणाली.

मी वाकले आणि प्लग ओढला.

चित्र आक्रसलं, मध्ये एक पांढरा ठिपका उरला, मग तोही गेला. दांडा सरळ झाला.

फोनमध्ये काही ऐकू येत नव्हतं. मग तिच्या सपाता. एक पाऊल, दुसरं.

“एलादिओ?”

रोखेलिओचा श्वास तेवढा ऐकू येत होता.

मग रिसीव्हर पुन्हा तिच्या तोंडाजवळ आला. आवाज खाली गेला होता, पण थरथरत नव्हता.

“मुली, हा तो नव्हे. एलादिओचा नंबर दुसऱ्याच कुणी घेतला.”

“दोन्या, बाहेर पडा. आत्ताच्या आत्ता रस्त्यावर या. ऐकताय का?”

“हळू बोल,” ती म्हणाली. “त्याला ऐकू जाईल.” आणि मग, गिऱ्हाइकाशी बोलायच्या तिच्या जुन्या आवाजात, माझ्याशी नव्हे, “उन्हातून आलात. बसा. आधी पाणी देते.”

रिसीव्हर काउंटरवर ठेवल्याचा आवाज आला. कुणीतरी खुर्ची ओढली. मग तिच्या सपाता वाजल्या, आणि त्या खुर्चीशेजारची दुसरी ओढली गेली.