डोळे राहून गेले

विश्वास ठेवा, नका ठेवू. माझ्या सख्ख्या मावशीच्या घरात, भर दुपारी घडलंय हे.

मावशी काचेवर उलटी चित्रं काढायची. काचेच्या मागून रंगवायचं, पुढून बघायचं. त्यामुळे सगळा कारभार उफराटा. कागदावर शेवटी येणारी बुबुळं इथे सगळ्यात आधी. मग चेहऱ्याचा रंग, मागची भिंत शेवटी. आधीचं राहिलं आणि त्यावर रंग चढला, की संपलं.

तिची सात वर्षांची लेक तापाने गेली. पोरीचा एकच धड फोटो, त्यातही डोळे मिटलेले. मावशीने तिचं चित्र काढायला घेतलं. पण डोळे काही केल्या आठवेनात.

"पोटच्या पोरीचे डोळे विसरले गं मी!" ती ऊर बडवून रडायची.

"अगं, तुझ्यावरच गेले होते ते," माझी आई समजवायची. "आरशात बघ की."

तेच तिला बघवायचं नाही. डोळे उद्या काढू, उद्या काढू करता करता एका दुपारी तिने चेहऱ्याचा रंगच चढवून टाकला. वीस वर्षं हेच काम केलेली बाई!

काच उलटली... डोळ्यांच्या जागी नुसता रंग.

मावशीने काच तशीच टेबलावर ठेवली. तेवढ्यात...

खर्र... खर्र...

नखाने खरवडल्यासारखं. टेबलावर त्या काचेशिवाय काही नव्हतं.

आवाज थांबला. मावशीने काच उचलली. खाली रंगाचे पापुद्रे पडले होते. आणि चेहऱ्यात दोन स्वच्छ, गोल जागा... बरोबर डोळ्यांच्या.

"बघायचंय का गं तुला मला?" मावशी हुंदके देत म्हणाली. "घे. माझे घे."

चित्र भिंतीवर लागलं. आठवड्याभरात त्याच्या डाव्या डोळ्यात बुबुळ आलं. पिंगट. मावशीसारखं.

त्याच सकाळपासून मावशीला डाव्या डोळ्याने दिसेना. डॉक्टर म्हणाले, डोळ्यात काहीच दोष नाही.

"फोडून टाक ती काच," आईने पाय धरले तिचे.

"आत्ता कुठे बघायला लागलीय ती," मावशी चित्राला बिलगली. "हात तर लावून बघ!"

परवा मी गेले होते. मावशी चित्रासमोरच बसलेली.

"उजवा उघडला का गं तिचा?" तिने विचारलं. "मला सकाळपासून काही दिसत नाहीये."

मी वर बघितलं.

"नाही गं," मी म्हटलं.

दोन्ही पिंगट डोळे माझ्याकडेच बघत होते.