कुलपाआडची दुपार

ऐकणारे हसतात. हसू द्या. पण गौस आजही शपथेवर सांगतो, हे घडलंय.

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. बालाघाटच्या पायथ्याला, बार्शीच्या बाहेर नवी कॉलनी झालीय. राहणारे बहुतेक सोलापूरला नोकरीला. सकाळच्या एसटीनं जायचं, दिवेलागणीला परत यायचं.

दिवसभर घरोघरी कुलपं.

गौसचं ऑफिसही सोलापुरातच, सात रस्ता चौकात. घरी एकटी त्याची अम्मी, इमामबी.

एकदा ती म्हणाली, "समोर वैजयंतीकडं दुपारी कोण असतं रे? भाकरी थापल्याचा आवाज येतो की."

"कुणी न्हाय, अम्मी. ताई तर माझ्याच एसटीत असतात."



पुढं एक दिवस गौस तापानं घरीच राहिला. भर दुपार. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही.

आणि...

थप्. थप्. थप्.

समोरून. दाराला कुलूप, खिडक्या बंद.

शेजारच्या बंद घरात बादली सरकली. त्याच्या पलीकडं... कुणीतरी बाळाला जोजवत होतं.

गौस अंथरुणातून उठला.

"अम्मी!"

स्वयंपाकघर रिकामं. मोरी रिकामी.

"आले रे..."

आवाज समोरच्या कुलूपबंद घरातून आला.

तो अनवाणीच धावला. दगडानं कुलूप फोडलं.

आत अम्मी जमिनीवर मांडी घालून बसलेली. हातात वाफाळती भाकरी.

"आत कशी आलीस तू?"

"दार उघडंच होतं की. ह्या बाईनं लई आग्रह केला, बेटा."

"कुठल्या बाईनं?"

अम्मीनं शेगडीकडं बोट दाखवलं.

तिथं कुणी नव्हतं. शेगडी गार होती.

गौसनं तिला धरून बाहेर आणलं. संध्याकाळी वैजयंतीताई आल्या. फुटलेल्या कुलपाकडं त्यांनी बघितलंही नाही. ओट्यावरची पीठ लागलेली परात मात्र बघत राहिल्या.

"ही परात माझी न्हाय," एवढंच म्हणाल्या.

दुसऱ्याच दिवशी गौसनं अम्मीला दुधनीला, तिच्या धाकट्या भावाकडं, लालसाबमामांकडं पोचवलं. तिथं भरलं घर. माणसांची ये-जा. त्याला वाटलं, सुटलो.

परवा मामांचा फोन आला.

"गौस, आपा दुपारी ताटावर बसतच न्हाय. रोज म्हणते, आत्ताच जेवले. आमी कुणी वाढलेलं न्हाय रे..."

मग मामा हळूच म्हणाले,

"आणि तिच्या हाताला ताज्या भाकरीचा वास येतो."