एकशे बेचाळीस

पट्टा दंडाला आवळत गेला, तशी आपण आता मरणार याची सुग्रीवला बारीकसारीक तपशिलांसह खात्री पटली. मयताला कोण येईल, कोण नुसतंच व्हॉट्सॲपवर हात जोडेल, इथपर्यंत.

केदारखेड्याचा सुग्रीव ठिबकचा फिटर. कंपनीत कायम नोकरी लागत होती, फक्त फिटनेसचा दाखला हवा होता. त्यासाठी जुन्या जालन्यातल्या या दवाखान्यात तीन दिवस बीपी बघणार. तिसऱ्या दिवशी आकडा एकशे चाळीसच्या वर गेला, की नोकरीही गेली. शिवाय घरात बीपी म्हणजे आबाराव काका. पंचेचाळिसाव्या वर्षी लकव्यानं त्यांचा डावा हात गेला. तेव्हापासून ते कप स्वतः धरतात आणि बशी सुग्रीवला धरायला लावतात.

"एकशे बेचाळीस," सिस्टर राजनंदिनी म्हणाली. कपाळावरची बट कानामागे सारत तिनं आकडा लिहिला... आणि सुग्रीवच्या छातीतली मोटार पुन्हा चालू झाली.

"घाबरले का?"

"न्हाई. बिलकुल न्हाई."

"मंग खुर्ची सोडा. दवाखान्याची हाय ती."

त्यानं सोडली. ती हसली. "भीती वाटली की अंगात ॲड्रेनलिन सुटतं. हृदय जोरात पळतं, रक्तवाहिन्या आवळतात, प्रेशर वर. भीती गेली की वाहिन्यांचं आतलं अस्तरच निरोप देतं, सैल व्हा. प्रेशर खाली. दिवसभर हेच चालू असतं."

"म्हणजे पाइप आपला आपणच बारीक-मोठा होतो?" ठिबकच्या माणसाला हा मोठाच धक्का होता.

"उद्या या. अन् घाबरू नका," ती म्हणाली. इतकं गोड म्हणाली, की तो जास्तच घाबरला.

घरी त्यानं फिटरच्या डोक्यानं विचार केला. लाइनीत प्रेशर जास्त, तर टाकीतलं पाणी कमी करायचं. त्यानं पाणी पिणंच बंद केलं.

दुसऱ्या दिवशी एकशे अठ्ठेचाळीस.

तो कसाबसा उठला. डोळ्यांपुढं अंधारी आली, दवाखाना एका बाजूला कलला... आणि कुणीतरी त्याला धरलं. शुद्ध आली तेव्हा तो बाकावर आडवा होता आणि राजनंदिनी त्याला मीठ-साखरेचं पाणी पाजत होती.

"पाणी कधी पिल्ते?"

"काल... सकाळी. टाकी रिकामी करून राह्यलो होतो."

तिनं ग्लास पुन्हा भरला. "तुमच्या किडनीला वाटलं, दुष्काळ पडला! तिनं हार्मोन सोडून वाहिन्या आवळायला लावल्या. तरी उठल्याबरोबर रक्त पायात उतरलं. मानेतल्या नसा प्रेशरवर नजर ठेवतात, पण त्यांनी तरी किती सांभाळायचं? अजून काय काय बंद करणार होते?"

"श्वासाचा विचार चालू होता."

ती हसली नाही. ग्लास रिकामा झाला, तरी तिनं तो त्याच्या ओठांना लावूनच धरला होता.

"तुमी घाबरल्या?"

"सिस्टर घाबरत न्हाईत," ती म्हणाली आणि भिंतीकडे बघत बसली.

तिसऱ्या दिवशी सुग्रीव पोटभर पाणी पिऊन आला. तरी हात गारठलेले. तिनं पट्टा उचलला, तसा तो ओरडला, "थांबा! तुमी नका बांधू."

तिचा चेहरा उतरला. "का?"

"तुमी बांधला की... वर जातं."

तिनं दुसऱ्या सिस्टरला, जयवंताबाईंना हाक मारली. इंजेक्शनच्या खोलीतून त्या आल्या आणि वांग्याच्या भाजीविषयी बोलत बोलत त्यांनी पट्टा बांधला. एकशे चोवीस.

"बैलावाणी हाय की हा!" म्हणत त्या निघून गेल्या.

राजनंदिनीनं डॉक्टरांची सही आणून कागद पुढं सरकवला. "झालं तुमचं. आता इकडं यायचं काम न्हाई."

नोकरी मिळाली होती. काकांसारखा आजार टळला होता. तरी आजवर ऐकलेल्या कुठल्याही आकड्यापेक्षा त्याला हे वाक्य भयंकर वाटलं. जावं... की बोलावं? शेवटी त्यानं पट्टा उचलला.

"एक तपासणी राह्यली. हात द्या."

"माझा? कशाला?"

"द्या तर."

तिनं हात दिला. त्यानं पट्टा बांधून बटण दाबलं. मशीन गुरगुरलं, थांबलं. दोघांनीही आकडा बघितला.

एकशे बेचाळीस.

"मशीन बिघडलंय," ती घाईनं म्हणाली.

"फिटर हाय मी. मशीन बराबर हाय."

तिनं बट कानामागे सारली. बट आधीच कानामागे होती.

"मंग... तीन दिवस बघावं लागंल," ती पुटपुटली. "नियम हाय."

"येतो मी," सुग्रीव म्हणाला. "पाणी पिऊन."